वार खाली असते, तेव्हा विश्रांती म्हणजे काय?



मागच्या अंकातील प्रार्थना-विषयांत आपण सातपुड्यातल्या एका गरोदर बहिणीसाठी प्रार्थना मागितली होती. सहावा महिना संपत आलेला, अंगावरून रक्त गेलेले, आणि डॉक्टरांनी ‘बेड रेस्ट’ सांगितलेली. ते वाचून एका मंडळीच्या महिला मंडळाने पैसे गोळा केले आणि विचारले, की तिच्यासाठी लोखंडी पलंग आणि गादी पाठवू का? त्यांच्या प्रेमाबद्दल मी मनापासून आभार मानले. पण पलंग नको, असे कळवले. का नको, ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते. म्हणून या वेळचा अभ्यासपाठ याच विषयावर लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. समाजकार्य आणि थोडे ईशज्ञान शिकलेली बाई आहे. धडगाव आणि मोलगी परिसरातल्या पाड्यांवरून गरोदर बहिणींना दवाखान्यात नेता-आणताना डॉक्टरांकडून आणि नर्सबाईंकडून जे शिकले, ते येथे सांगते. प्रत्येक स्त्रीबाबतचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच, हे धरून चालावे.

वार आणि तिची जागा

नऊ महिने बाळ जिच्यावर जगते ती वार. गर्भपिशवीच्या आतल्या भिंतीला ती चिकटलेली असते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, पण वारेतून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जाते आणि बाळाची घाण आईकडे परत येते. दिवस भरतात तेव्हा वारेचे वजन साधारण अर्धा किलो असते. त्या सुमारास दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त आईच्या गर्भपिशवीकडे वाहत असते. हा आकडा लक्षात ठेवावा. वार जागेवरून सुटली तर हातात किती वेळ उरतो, ते त्यावरून कळते.

बहुतेक वेळा वार पिशवीच्या वरच्या भागात असते. कधी ती खाली, पिशवीच्या तोंडाजवळ किंवा थेट तोंडावर असते. याला डॉक्टर ‘प्लासेंटा प्रिव्हिया’ म्हणतात. दिवस भरत येताना साधारण दोनशे गरोदर स्त्रियांत एकीला असे आढळते. आधी सिझेरियन झालेले असेल, पिशवी साफ केलेली असेल, बरीच बाळंतपणे झालेली असतील, जुळे असेल किंवा वय ३५ च्या पुढे असेल, तर ही शक्यता वाढते. शेजारणीची नजर लागली, कुणी काही केले, ती कुणाच्या अंगणातून गेली, यातले काहीही कारण नसते. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या भागात एखाद्या बाईचे रक्त जाऊ लागले की बोट कुणाकडे तरी वळते. ते बोट एका गरीब विधवेकडे वळल्यावर तिचे काय होते, हे मी पाहिले आहे.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असा शेरा आला म्हणून लगेच घाबरू नये. पिशवी वाढते तशी वार वर सरकल्यासारखी होते. पाचव्या महिन्यात खाली दिसलेल्या दहांपैकी नऊ जणींची वार बाळंतपणापर्यंत वाटेतून बाजूला झालेली असते. पण आपली वार सरकली की नाही, हे आठव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय समजत नाही. आणि दुसरी सोनोग्राफी राहून जाते. पहिल्या वेळी आशाताई सोबत होत्या, गाडी होती. दुसऱ्या वेळी भात कापायला आलेला असतो, किंवा पैसे नसतात, किंवा घरातले म्हणतात, एकदा केली ना?

रक्त गेले, दुखले नाही

खाली असलेल्या वारेची खूण अशी, की अंगावरून लाल रक्त जाते आणि दुखत मात्र नाही. बहुधा सातव्या महिन्यानंतर, कधी त्याआधीही. शेवटच्या महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणला जातो, तिचे तोंड थोडे थोडे उघडू लागते, आणि वारेची कड सुटते. पहिल्यांदा गेलेले रक्त पुष्कळदा आपोआप थांबते. खरा घात तिथे होतो. दुखत नाही, रक्तही थांबले, मग दवाखान्यात कशाला जायचे? पुढचा रक्तस्राव केव्हा होईल आणि किती होईल, हे कुणालाही सांगता येत नाही.

एका पाड्यावर एका सासूबाईंना हे समजावताना माझी बोलीच अपुरी पडली. मला पावरी समजते, पण असल्या गोष्टी सांगण्याइतकी येत नाही. शेवटी खुंटीला टांगलेला पाण्याचा तुंबा घेतला, उलटा धरला, आणि त्याच्या तोंडावर भाकरीच्या पिठाचा गोळा थापला. म्हटले, मावशी, हे बाळाचे घर. दार खाली आहे आणि बाळाची भाकर दारावरच चिकटली आहे. त्या म्हणाल्या, “मग दार उघडलं की भाकर फाटणार.” मी मान हलवली. थोडा वेळ त्या तुंब्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आमची दाई हात घालून पाहते.” मला त्या दिवशी जे सांगायचे होते, त्यातले सर्वांत महत्त्वाचे त्यांच्याच तोंडून आले. गरोदर स्त्रीच्या अंगावरून रक्त गेले असेल, तर सोनोग्राफीत वारेची जागा पाहिल्याशिवाय कुणीही आतून हात घालून तपासू नये, पोटही चोळू नये. दाईने नाही, नर्सने नाही, डॉक्टरनेही नाही. बोटाच्या धक्क्याने वार आणखी सुटू शकते.

दुसरा प्रकार वेगळा आहे. वार योग्य जागी असते, पण बाळ जन्मण्याआधीच भिंतीपासून सुटते. यात पोटात जोराची कळ येते, पोट लाकडासारखे कडक होते, बाळाची हालचाल मंदावते. रक्त बाहेर दिसतेच असे नाही, ते आत साचलेले असू शकते. वाढलेला रक्तदाब, बिडी-सिगारेट, पडणे, पोटाला मार लागणे, ही त्याची काही कारणे. पोटाला मार कसा लागला, असे विचारले की “घसरून पडले” असे उत्तर मिळते. बायका खरेच घसरतात, डोंगरावरची वाट तशीच आहे. पण नवऱ्याला बाजूला बसवून हा प्रश्न पुन्हा विचारावा, हे मी आमच्या सर्व कार्यकर्त्यांना सांगते. अशा वेळी विश्रांतीचा विचारच करायचा नाही. मिळेल ते वाहन करून मोठ्या दवाखान्यात जायचे.

पलंग कुठून आला

आता पलंगाकडे वळू. पूर्वी वार खाली असून रक्त गेले की डॉक्टर लगेच बाळंतपण करून मोकळे होत. आईचा जीव वाचवण्यासाठी तसे करावे लागे, आणि अपुऱ्या दिवसांची बाळे फार मोठ्या संख्येने दगावत. बेलफास्ट शहरातील मॅकॅफी नावाच्या डॉक्टरांनी दुसरी पद्धत अवलंबली. रक्तस्राव जिवावरचा नसेल तर थांबायचे, बाळाला पोटात वाढू द्यायचे, ३७ व्या आठवड्याच्या आसपासपर्यंत जायचे. १९४५ साली त्यांनी १७४ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. बाळांचे मृत्यू खूप कमी झाले होते आणि आयाही वाचत होत्या. आज जगभर वार खाली असताना जी वाट पाहिली जाते, ती या कामापासून सुरू झाली.

पण त्यांच्या अटी कोणत्या होत्या? ती स्त्री पूर्ण वेळ रुग्णालयात असावी. रक्त तयार असावे. शस्त्रक्रियेची खोली कधीही उघडता यावी. आतून तपासणी होऊ नये. पलंग होता, कारण रुग्णालयात सगळेच पलंगावर असतात. माझ्या मते पुढे आपल्याकडे झाले ते असे, की रुग्णालय, रक्त आणि शस्त्रक्रिया मागे राहिली आणि खेड्यापर्यंत फक्त पलंग पोचला.

आज तज्ज्ञांचे म्हणणे त्याहून पुढे गेले आहे. दिवसरात्र झोपून राहिल्याने वारेतले रक्त थांबते किंवा बाळ जास्त दिवस पोटात राहते, असे सिद्ध झालेले नाही. नुकसान मात्र होते. पायांतल्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, स्नायू कमकुवत होतात, मन खचते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही गरोदरपणात सरसकट पलंगावर झोपवून ठेवू नये, असेच सांगितले आहे.

आमच्या भागात हा धोका दुप्पट मनावर घ्यावा लागतो. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे. सिकलसेल असलेल्या गरोदर स्त्रीला रक्ताच्या गाठी होण्याचा धोका आधीच जास्त असतो. तिला महिनाभर पलंगावर निजवून ठेवले, पाणीही कमी प्यायला मिळाले, तर आपण प्रेमाने तिला नव्या संकटात लोटतो. म्हणून वार खाली असलेल्या प्रत्येक बहिणीची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे आम्ही पहिल्या भेटीतच विचारतो.

मग डॉक्टर काय करायला सांगतात? जड उचलू नये. शरीरसंबंध ठेवू नये, आणि हे नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. लांबचा खडखडाटाचा प्रवास करू नये. हिमोग्लोबिन वाढवावे. रक्तगट माहीत असावा. तो निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर अँटी-डीचे इंजेक्शन लागते, हे दवाखान्यात आठवणीने विचारावे. घरात, अंगणात हलके चालावे. आणि रक्त असलेल्या, सिझेरियन होऊ शकणाऱ्या रुग्णालयाच्या जवळ राहावे. माझ्या दृष्टीने विश्रांतीचा अर्थ हाच आहे. अंतर कमी हवे, आणि तिची कामे करायला दुसरे हात हवेत.

दुसरे हात कोणाचे?

पाड्यावरच्या बाईला ‘आराम कर’ असे सांगणे किती सोपे असते! पहाटे झऱ्यावरून पाणी; एक भरलेला हंडा म्हणजे डोक्यावर बारा-पंधरा किलो, आणि चढ. मग लाकूड, भाकरी, शेळ्या, लहान मूल कडेवर. मोहफुलांच्या दिवसांत अंधारात उठून वाकून वाकून फुले वेचणे. यातले काय सोडायचे? ती सोडेल ते काम घरातल्या दुसऱ्या बाईच्या अंगावर पडते. ती दुसरी बाई बहुधा दहा-बारा वर्षांची मुलगी असते, आणि मग तिची शाळा सुटते. म्हणून आम्ही घरी गेलो की सल्ला देण्याआधी कामांची यादी करतो आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहितो. पाण्यापुढे नवऱ्याचे नाव लिहायला सांगितले की पाड्यात हशा पिकतो. हसू द्यावे. पण नाव पुसू नये.

ज्या बहिणीसाठी आपण प्रार्थना केली, तिच्या बाबतीत सगळ्यात मोठा अडसर पाण्याचा नव्हता, उचलीचा होता. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादम नवरा-बायकोची जोडी धरून आगाऊ पैसे देतो. त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि त्या पैशांना ‘उचल’. बायको गेली नाही तर कोयता मोडतो, आणि उचल परत मागितली जाते. यांनी उचल आधीच घेतली होती आणि ती घराच्या कौलांत व बी-बियाण्यांत खर्च झाली होती. नवरा वाईट माणूस नव्हता. तो मला म्हणाला, “ताई, ती तिथं तंबूत झोपून राहील, मी एकटाच तोडीन. पण आम्ही गेलोच नाही तर मुकादम दारात येईल.” उसाच्या फडात, तंबूत, कुठल्याही रुग्णालयापासून दूर आणि हाती एकही कागद नाही. तीही विश्रांतीच म्हणायची का?

महिला मंडळाचे पलंगाचे पैसे इथे कामी आले. उचलीचा काही भाग त्यातून परत केला. बाकीसाठी मुकादमाशी बोलणे करून एक हंगाम मुदत घेतली. नवरा तालुक्याच्या गावी मजुरीला राहिला. सासूबाईंनी शेळ्या आणि दोन मुले सांभाळायची कबूल केली, आणि तिची आई तिच्यासोबत नंदुरबारला आली. तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने घरामागची खोली दिली आहे. जिल्हा रुग्णालय तिथून रिक्षाने थोड्याच वेळात गाठता येते. ३१ व्या आठवड्यात तिला पुन्हा रक्त गेले. खोलीतून निघून ती लगेच दाखल झाली. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून डॉक्टरांनी तिला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, दोन पिशव्या रक्त चढले. हे लिहिताना तिला ३३ वा आठवडा चालू आहे. आई आणि बाळ दोघे ठीक आहेत, पण अजून धोका टळलेला नाही. प्रार्थना चालू ठेवावी.

हेच ३१ व्या आठवड्यात धडगावच्या वरच्या पाड्यावर झाले असते तर? आधी बांबूला झोळी बांधायची, चार माणसे शोधायची, पायवाटेने गाडीरस्त्यापर्यंत उतरायचे. मग १०८ ची वाट पाहायची. चांदसैली घाट उतरून तळोदा, तिथून पुढे नंदुरबार. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही रस्ता बंद. उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात राहेलीची हकीकत आहे. बेथेल मागे राहिले होते, एफ्राथ अजून पुढे होते, आणि वाटेतच तिला वेणा लागल्या. सुईण जवळ होती, धीर देत होती, बाळही जन्मले. राहेल मात्र वाटेतच गेली आणि वाटेतच तिला पुरले. बन्यामिनाच्या नावाबद्दल आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. त्या वाटेबद्दल फारसे ऐकत नाही.

सरकारच्या ‘माहेरघर’ योजनेबद्दल काही वाचक विचारतात. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ गरोदर स्त्रीने बाळंतपणाआधी काही दिवस येऊन राहावे, अशी ती सोय आहे. नेहमीच्या बाळंतपणासाठी ती उत्तम आहे आणि आम्ही अनेकींना तिथे नेतो. पण वार खाली असलेल्या स्त्रीसाठी ती जागा पुरेशी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझेरियन होत नाही आणि रक्तही नसते. तिला त्याच्या पुढच्या पायरीवरच ठेवावे लागते.

वाट पाहण्याचे आठवडे

घर सोडून महिना-दीड महिना एका खोलीत किंवा वॉर्डात राहणे ही शिक्षा वाटू लागते. पहिला आठवडा भीतीत जातो, दुसऱ्या आठवड्यापासून कंटाळा खायला उठतो, आणि तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणते, आता बरी आहे, घरी जाते. ही वेळ सर्वांत नाजूक. दवाखान्यातून न सांगता निघून गेलेल्या बायकांना ‘अडाणी’ म्हणणारे मला भेटतात, तेव्हा राग येतो. वॉर्डात तिची बोली कुणाला कळत नाही. रात्री दिवा मालवत नाहीत. घरी दोन वर्षांचे मूल आहे आणि शेळी व्यायला आली आहे. ती जाते ते या कारणांमुळे, आणि यातल्या बहुतेक कारणांवर उपाय आहेत.

आम्ही पावरी बोलणारी एक कार्यकर्ती एक दिवसाआड पाठवतो. ती डॉक्टरांचे म्हणणे बहिणीला सांगते आणि बहिणीचे डॉक्टरांना. मोबाइलमध्ये पैसे भरून देतो, म्हणजे संध्याकाळी मुलांचा आवाज ऐकता येतो. पंधरा दिवसांतून एकदा मुलांना आणतो. हाताला काम हवे म्हणून गोधडीचे तुकडे देतो. बाळाची हालचाल रोज ओळखायला शिकवतो. ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. पाय हलवत राहायचे, पाणी भरपूर प्यायचे. जेवणात नाचणी-ज्वारीची भाकर, डाळ, हिरवी भाजी, अंडे, आणि लोहाच्या गोळ्या. या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला थोडा रक्तस्रावही सोसत नाही.

भेटीला जाणाऱ्या विश्वासी बहिणींना एक विनंती. जा, गाणे म्हणा, तिच्या आईला दोन तास झोपू द्या. पण ‘विश्वास ठेव, घरी चल, प्रभू सांभाळील’ असे म्हणू नका. असे एकदा माझ्या कानावर आले, आणि त्या बहिणीला पुन्हा थांबायला तयार करताना दोन दिवस गेले. प्रभू सांभाळतो ते त्या वॉर्डात, त्या रक्ताच्या पिशवीतूनही. ‘कुठल्या पापाची शिक्षा’ हा प्रश्न तर तोंडातून येऊच नये. तो तिने स्वतःला आधीच शंभरदा विचारलेला असतो.

विटाळाबद्दलही बोलले पाहिजे. अंगावरचे रक्त अशुद्ध, हे आमच्या पाड्यांवरही आहे आणि लेवीयाच्या १५ व्या अध्यायातही आहे. त्यामुळे बाई ते लपवते. फडके धुऊन टाकते, सासूलाही सांगत नाही, नवऱ्याला तर नाहीच. मार्काच्या ५ व्या अध्यायातली बाई बारा वर्षे रक्तस्राव सोसून गर्दीतून मागून येते ती याच लाजेने. प्रभूने तिला सर्वांसमोर बोलू दिले, आणि तिच्या स्पर्शाने तो विटाळला असे मानले नाही. आमच्या पाड्यांवरच्या महिला सभांत मी हा उतारा घेते, आणि मग थेट विचारते : तुमच्यापैकी कुणाचे पोटुशी असताना रक्त गेले होते? पहिल्यांदा सगळ्या गप्प बसतात. एक बोलली की दहा बोलतात.

मंडळीकडून काय हवे

रक्त हवे. पैशापेक्षाही. १८ ते ६५ वर्षे वय, किमान ४५ किलो वजन आणि साडेबारा हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते; पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा, स्त्रीला चार महिन्यांनी. रक्तातल्या लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात. म्हणून ख्रिस्तजयंतीच्या आठवड्यात शंभर जणांनी एकदम देण्यापेक्षा मंडळीने वर्षभर वाटून द्यावे. वार खाली असलेल्या बहिणीच्या सिझेरियनच्या दिवसाआधी तिच्या गटाचे रक्त रक्तपेढीत राखून आहे का, हे विचारणारा एक माणूस नेमावा. पाड्यावरचे नातेवाईक कमी वजनाचे आणि रक्तक्षयी असतात. त्यांना ‘बदली रक्तदाता आणा’ म्हटले की ते हात जोडून उभे राहतात.

दुसरी गरज जागेची. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयाजवळ एक खोली, चूल किंवा शेगडी, संडास जवळ, आणि रात्री दार ठोठावले तर उठणारे शेजारी. तिसरी गरज बुडालेल्या मजुरीची. तिच्या नवऱ्याच्या हातात रोजची मजुरी पडली तर तो तिला थांबू देतो. आणि कुणाकडे चारचाकी असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला ती आमच्याकडे द्यावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. राहून गेलेली दुसरी सोनोग्राफी ठरवून घ्यायला तोच दिवस बरा.

बाळ झाल्यानंतर

पुन्हा रक्त गेले नाही, तर वार खाली असलेल्या स्त्रीचे सिझेरियन बहुधा ३६ व्या-३७ व्या आठवड्यात ठरवून करतात. कळा सुरू होण्याची वाट पाहत नाहीत. बाळ झाल्यावरही वारेच्या जागेतून जास्त रक्त जाऊ शकते, म्हणून पहिला दिवस-रात्र कुणीतरी जागे राहून लक्ष ठेवावे. लवकर जन्मलेल्या बाळाला छातीशी उघडे धरून ऊब देणे आईला, आणि आई दमली तर आजीला किंवा बापालाही, आधीच शिकवावे.

आणि घरी जाताना पुढचा विचार करावा. एकदा सिझेरियन झाले आणि पुढच्या खेपेला वार पुन्हा खाली, जुन्या जखमेवर बसली, तर ती भिंतीत रुतून बसण्याचा धोका असतो. एका सिझेरियननंतर असे दहांत एकीला होते, दोन-तीन झाल्यावर त्याहून पुष्कळ जास्त. अशी रुतलेली वार सुटत नाही, आणि आईला वाचवण्यासाठी कधी पिशवीच काढावी लागते. म्हणून पाळणा लांबवण्याबद्दल नवरा-बायको दोघांशी दवाखान्यातच बोलणे करावे, आणि पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच महिन्यांत मोठ्या दवाखान्यात नाव नोंदवावे. आम्ही प्रत्येक बहिणीला एक कार्ड देतो. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो : रक्तगट, सिकलसेल आहे की नाही, सिझेरियनची तारीख, आणि ‘वार खाली होती, आतून तपासू नये’. ते आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावे. ऊसतोडीला गेली तर ती पिशवी तंबूत नको, तिच्या कमरेला असावी.